साठ की आठ?

परभणीच्या एका हॅमनं माझ्याकडं साठ फूट वायर मागितली आणि मी त्याला एस.टी.च्या पार्सलनं आठ फूट पाठवली. आजची गोष्ट तिथून सुरू होते. बसा नीट. थोरल्या, तो मोबाइल पालथा ठेव. धाकटे, तू माझ्या उजव्या हाताला ये, डाव्या कानाला तुझं बोलणं कळत नाही माझ्या. का कळत नाही तेही सांगतो, पण मागाहून.

हॅम म्हणजे हौशी बिनतारीवाला. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, मग एक सांकेतिक नाव मिळतं. आपल्याकडं बहुतेकांचं ते 'व्हीयू'नं सुरू होतं. राजीव गांधी पंतप्रधान होते ना, त्यांचंही होतं, व्हीयू टू आरजी. टॉवर नको, इंटरनेट नको. गच्चीवर ताणलेली ही तार आणि खोलीतला तो डबा, एवढ्यावर माझा आवाज परभणीला पोचतो. सरळ जात नाही बरं का. सात मेगाहर्ट्झची लहर इथून जवळजवळ उभी वर चढते, दोन-अडीचशे किलोमीटर. तिथं उन्हानं हवेतले इलेक्ट्रॉन सुटे करून ठेवलेले असतात. तो थर तिला खाली लोटतो. कारंज्याचं पाणी वर जाऊन चहूकडं पडतं, तसा माझा आवाज बीड, परभणी, नांदेड, सगळीकडं एकदम पडतो.

तर हा परभणीचा गडी मला म्हणाला, अँटेनाला लावायची वायर पाठवा, आणि आकडा सांगितला. मी वहीत लिहून घेतला. चौथ्या दिवशी तो पुन्हा बँडवर आला. म्हणाला, "ओएम, वायर मिळाली. शेळी बांधली. आता अँटेनाची कधी पाठवताय?" हॅम लोक एकमेकांना ओएम म्हणतात, म्हणजे ओल्ड मॅन. मी तेव्हा पस्तिशीचा होतो.

मी ऐकतोय कशाला! म्हटलं, तुम्ही आठच म्हणालात, वही आहे माझ्यापाशी. तो म्हणाला, साठ. मी म्हटलं, बघा, आत्तासुद्धा आठच म्हणताय.

आता दोघं घशावर बोटं ठेवा आणि म्हणा: सा-ठ. सावकाश. 'आ'ला घसा थरथरतो ना? आणि 'स'ला? नाही थरथरत. 'स' म्हणजे दातांच्या फटीतून निसटलेली नुसती हवा. तिचा जोर बहुतेक सगळा सेकंदाला चार हजार कंपनांच्या वर असतो. आमच्या सेटमधून मात्र साधारण तीनशेपासून पावणेतीन हजारांपर्यंतचाच आवाज पुढं जातो, कारण एवढ्याशा पट्ट्यात पुष्कळ माणसांना बोलायचं असतं, प्रत्येकाला अंग चोरूनच बसावं लागतं. म्हणजे परभणीहून निघतानाच 'स' लंगडत निघाला होता. त्याची उरलीसुरली जी सावली माझ्या घरापर्यंत आली, ती मी स्वतःच्या हातानं मारली. कशानं? माठानं.

हसू नका. तेव्हा गावोगाव टेपरेकॉर्डरचा स्पीकर माठाच्या तोंडावर उपडा ठेवायची पद्धत होती. माठातली हवा गाण्याबरोबर घुमते आणि ढोलकी अशी वाजते की चहाच्या कपातला चहा हलतो. माझ्या सेटचा मूळचा स्पीकर वाटीएवढा, तोही वरच्या झाकणात, तोंड छताकडं. आवाज किरकिरा वाटायचा. मी शहागंजातल्या भंगारातून आठ इंची स्पीकर आणला, उन्हाळ्यात चिरलेला माठ तुमच्या आजीकडून मागून घेतला आणि सेटच्या पाठीमागच्या भोकात वायर खुपसली. काय भरदार आवाज! शेजारी ऐकायला आले. म्हणाले, अगदी आकाशवाणीसारखं वाटायला लागलंय हो. मी फुगलो. आणि पुढच्याच आठवड्यात परभणीची शेळी बांधली गेली.

भरदार आवाजानं ऐकू कमी का यावं? हे समजायला कानात शिरावं लागतं.

कानाच्या आत शंखासारखी एक नळी आहे, अडीच वेढ्यांची. उलगडली तर साडेतीन सेंटीमीटर, धाकटीच्या करंगळीएवढी. तिच्यात पाणी आणि लांबीभर एक नाजूक पडदा. त्या पडद्यावर प्रत्येक आवाजाचं गाव ठरलेलं आहे. 'स', 'श', 'च' असल्या बारीक आवाजांची गावं दाराशीच, आणि ढोलाबिलाची, खर्जाची गावं पार टोकाला. गेओर्ग फॉन बेकेशी नावाचा हंगेरीचा माणूस होता, नोकरी टेलिफोनच्या प्रयोगशाळेत. त्यानं मेलेल्या माणसांच्या कानातली ही नळी उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून, लाट कशी धावते ते डोळ्यांनी पाहिलं. १९६१ साली त्याला नोबेल मिळालं.

आता बघा गंमत. खर्जाच्या लाटेला शेवटच्या गावाला जायचंय, पण रस्ता एकच. कच्च्या रस्त्यानं एस.टी. जाते तेव्हा उतरणारे शेवटच्या गावाचे असले तरी धुरळा वाटेतल्या प्रत्येक गावावर बसतो ना? तसंच. जोराचा घुमणारा आवाज दारातल्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. उलटं फारसं होत नाही. बारीक आवाज दारातच उतरतो, तो टोकाच्या गावाला कशाला त्रास देईल? माझा माठ म्हणजे दर शब्दाला धुरळा उडवणारी एस.टी. होती. 'आ' घुमला आणि 'स' मातीखाली गेला.

आणि हे माझ्या डाव्या कानाचं. त्या पडद्यावर केसाळ पेशी असतात, एका कानात पंधरा-सोळा हजार. म्हातारपणी त्या झिजतात, आणि दाराशी असलेल्या आधी झिजतात. एकदा गेली की माणसाच्या कानात ती पुन्हा येत नाही. कोंबडीच्या कानात येते! आवाजानं बहिऱ्या झालेल्या कोंबडीला काही दिवसांनी पुन्हा ऐकू यायला लागतं. निसर्गानं ही सोय कोंबडीला दिली आणि आपल्याला नाही. मला तर हा पक्षपात वाटतो.

थोरल्याच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसतोय. खर्ज काढून टाकला तर माणसाचा आवाज बाईसारखा नाही का होणार? बरोबर. पुरुषाच्या आवाजाचा पाया सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांचा. आमच्या सेटमध्ये तीनशेच्या खालचं जवळपास काहीच येत नाही, जुन्या टेलिफोनमध्येही येत नव्हतं. तरी तुझा बाबा फोनवर बाबाच वाटायचा. कारण आवाज म्हणजे एकच कंपन नसतं, जिना असतो. पाया १२० चा असेल तर वरच्या पायऱ्या २४०, ३६०, ४८०, ६०० अशा. खालच्या दोन कापल्या तरी मेंदू उरलेल्या पायऱ्यांमधलं अंतर मोजतो, प्रत्येक वेळी १२०, आणि नसलेली तळपायरी आपल्या मनानं बांधून घेतो. स्पीकरमधून जो खर्ज आलाच नाही तो तुला ऐकू येतो! मग माठानं काय घुमवलं होतं? बोलण्याला नको असलेला ढोबळ भाग आणि माझ्या बॅटरी-चार्जरची घरघर.

माठ फोडला नाही, आजीनं त्यात तुळस लावली.

मग मी उलट्या दिशेनं निघालो. एका मोडक्या ट्रान्झिस्टरमधला चार इंची स्पीकर घेतला, कागदी पडद्याचा, आठ ओहमचा. सेटमधून जेमतेम दोन वॅट येतात, त्याला एवढा पुरे. सुताराकडून प्लायची छोटी पेटी करून घेतली, आत जुन्या उशीचा कापूस. आणि वायरीत मधेच एक कपॅसिटर जोडला. कपॅसिटर बारीक आवाजाला सहज जाऊ देतो, खर्जाला अडवतो. आठ ओहमच्या स्पीकरला तीनशेच्या खाली उतार द्यायचा तर हिशेबानं ६६ मायक्रोफॅरड येतात, बाजारात ६८ चा मिळतो. मात्र अधिक-उणे टोकं नसलेला घ्यायचा. शेजारी ऐकायला आले आणि म्हणाले, बिघडला का हो? मी म्हटलं, सुधारला.

स्पीकर ठेवायचा कुठं, हे मला पेटी करण्यापेक्षा अवघड गेलं. खर्ज फोडणीच्या वासासारखा असतो, कोपऱ्याकोपऱ्यातून वळून घरभर जातो. 'स' आणि 'श' टॉर्चच्या उजेडासारखे, ज्या तोंडाला धरले तिकडंच. सेटच्या झाकणातला स्पीकर म्हणजे छतावर मारलेला टॉर्च! पालीला सगळं स्पष्ट ऐकू येत असणार. म्हणून बाहेरचा स्पीकर टेबलावर, तोंड माझ्या तोंडासमोर, हातभर अंतरावर. दोन मीटरवरून एक मीटरवर आणला तर आवाजाचा जोर चौपट होतो. बटणाला हात न लावता, फुकट. आणि सेटचा पंखा डावीकडं घुं घुं करतो, माणूस समोरून बोलतो. दोन कान असले की मेंदू ही दोन ठिकाणं वेगळी काढतो. दोन्ही एकाच डब्यातून आले असते तर त्यालाही जड गेलं असतं.

तरी काहीतरी खटकत होतंच. मागच्या दिवाळीत आपण वेरूळला दहाव्या लेण्यात गेलो होतो, आठवतं? सुतार की झोपडी. छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्यात म्हणून ते नाव. थोरल्यानं तिथं स्वतःचं नाव ओरडून सांगितलं आणि ते किती वेळ फिरत राहिलं. एकच सूर लावून कुणी 'बुद्धं शरणं' म्हटलं तर अंगावर काटा येतो. पण तिथं मला कुणी बसचं वेळापत्रक सांगितलं तर काही कळणार नाही. एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराच्या तोंडावर पडते. माझी गच्चीवरची खोली म्हणजे त्याच लेण्याची गरीब बहीण. चार उघड्या भिंती, वर स्लॅब, खाली फरशी.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं, त्यात मास्तरचं बोलणंच कळेना. १८९५ मध्ये वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं, बघ काय ते. त्यानं रात्री, सगळीकडं सामसूम झाल्यावर, ऑर्गनची नळी वाजवायची आणि आवाज विरेपर्यंत घड्याळ धरायचं. रिकाम्या खोलीत साडेपाच सेकंद लागत. मग शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, मांडायच्या, पुन्हा मोजायचं. जितक्या गाद्या वाढल्या तितका आवाज लवकर विरला. सभागृहांच्या आवाजाचं सगळं शास्त्र त्या गाद्यांवर उभं आहे. माझ्याकडं नाट्यगृह नव्हतं, आजीची गोधडी होती. पाठीमागच्या भिंतीवर खिळे मारून टांगली, आणि त्या रात्री परभणीवाला साठ म्हणाला तेव्हा मला साठ ऐकू आलं. म्हणजे तसं वाटलं; तेव्हा मला उत्तर माहीत होतं, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

एक बटणाची गोष्ट. आवाज कमी वाटला की सगळे व्हॉल्यूम पिळतात. पण माणूस श्वास घ्यायला थांबला की सेट आपणहून कान टवकारतो आणि मधल्या जागेत सूऽऽ भरून टाकतो. शब्द, सूऽऽ, शब्द, सूऽऽ. डोकं उठतं. पाणचक्कीत पाणी पडतं तिथं उभं राहून बोलल्यासारखं. त्याला औषध व्हॉल्यूम नाही, आरएफ गेन नावाचं दुसरं बटण. ते मागं घ्यायचं, सेटला जरा कमी संवेदनशील करायचं. सूऽऽ खाली बसतं, माणूस तसाच उभा राहतो. हे बटण कितीक सेटांवर वर्षानुवर्षं एका जागी गंजलेलं मी पाहिलंय.

संगणकाच्या स्पीकरची फजितीही सांगून टाकतो. पुढं कधीतरी मी आळस केला आणि तुमच्या बाबाच्या संगणकाचे स्पीकर सेटला लावले, ज्यांच्या पोटात स्वतःचा अँप्लिफायर असतो. ऐकायला झकास. पण मी बोलायला बटण दाबलं की स्पीकरमधून माझाच आवाज, बदकासारखा. स्पीकरची लांब वायर अँटेनाचं काम करायची, आतला ट्रान्झिस्टर त्या लहरीतून वेडंवाकडं बोलणं काढायचा. आजी खाली आरतीची कॅसेट लावायची, त्या टेपमधूनही मी. म्हणाली, देवासमोर तरी गप्प बसा. शेवटी वायर फेराइटच्या कड्याभोवती सात-आठ वेढे गुंडाळली, तेव्हा मी देवघरातून बाहेर आलो.

आता जरा गंभीर. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीत जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची धाबी. झोपलेली माणसं उठलीच नाहीत. जवळजवळ दहा हजार गेली. पुढं बाहेरगावचे हॅम सेट आणि बॅटऱ्या घेऊन तिकडं पोचले. मी इथं ह्याच खुर्चीत, त्याच चार इंची स्पीकरसमोर. अशा वेळी ज्याला काम नाही त्यानं मध्ये बोलायचं नसतं, नुसतं ऐकत राहायचं, कुणाला कुणाचं ऐकू आलं नाही तरच पुढं व्हायचं. तेव्हा मला शिस्त कळली. आकडा कुणी अख्खा म्हणत नाही. साठ म्हणायचं असेल तर 'सिक्स झीरो', आणि पुन्हा एकदा, 'सहा शून्य'. नाव असेल तर अक्षर अक्षर फोडून: अल्फा, ब्राव्हो, चार्ली. हे सगळे शब्द असे निवडलेत की अर्धे धुरळ्यात गेले तरी उरलेल्या अर्ध्यावरून ओळखू यावेत. शेळीची गोष्ट त्यानंतर बरीच वर्षं मी कुणाला सांगितली नव्हती.

हां, ती बघा, वीज. तिकडं दौलताबादच्या अंगाला. सेटमध्ये 'कड' झालं ना? आता मोजा, गडगडाट कधी येतो ते. नाही आला? लांब आहे. रेडिओला लांबच्याही विजा ऐकू येतात. साऱ्या पृथ्वीवर सेकंदाला चाळीस-पन्नास विजा चमकतात, त्यातल्या कितीतरींची कुरकुर ह्या कागदी पडद्यापर्यंत येते. वळवाच्या दिवसांत आमच्या बँडवर भाजणी भाजल्यासारखं तडतडत असतं.

अरे! गेली लाइट. पंख्यावर हात नको मारू, सेट बॅटरीवर आहे, चालूच राहील. उलट आता ऐका. काय झालं?

बरोबर, शांत झालं. शेजारच्यांचे एलईडी दिवे, चार्जर, कुणाचा इन्व्हर्टर, सगळे रेडिओत भुणभुणत असतात, आपल्याला पत्ता नसतो. भारनियमनाच्या काळात लोक महावितरणला शिव्या द्यायचे आणि मी लपून खूश व्हायचो. आता सात मेगाहर्ट्झ सोडून एकवीसवर जाऊ. ह्या वेळी इथं कुणी नसतं. आरएफ गेन पूर्ण उघडतो. काय ऐकू येतं? सूऽऽ. आता अँटेनाची वायर काढतो. कमी झालं? लावतो. वाढलं. म्हणजे थोडं सूऽऽ सेटचं आणि बाकीचं तारेवाटे बाहेरून येतंय. कुणाचं असेल?

कार्ल जान्स्की नावाच्या मुलाला हाच प्रश्न पडला होता. अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीत होता, आणि त्याचं काम माझंच: समुद्रापारचं बोलणं नीट ऐकू का येत नाही ते शोधणं. त्यानं २०.५ मेगाहर्ट्झची लांबलचक अँटेना जुन्या फोर्ड मोटारीच्या चाकांवर चढवली आणि गोल गोल फिरवत बसला. जवळच्या विजा सापडल्या, लांबच्या सापडल्या. उरलं एक बारीक सूऽऽ, दररोज चार मिनिटं आधी येणारं. सूर्य चोवीस तासांनी त्याच जागी येतो, तारे २३ तास ५६ मिनिटांनी. म्हणजे हे ताऱ्यांमधलं! धनू राशीकडून, आपल्या आकाशगंगेच्या पोटातून. १९३३ मध्ये त्यानं जाहीर केलं. शास्त्रज्ञांनी फारसं मनावर घेतलं नाही. घेतलं ते ग्रोट रेबर नावाच्या एका हॅमनं, आमच्यातल्याच. १९३७ साली त्यानं घराच्या परसात साडेनऊ मीटरची थाळी उभी केली आणि आकाशाचा रेडिओ-नकाशा काढायला बसला. आपल्या नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटरच्या तीस थाळ्या आहेत, त्या ह्याच घराण्यातल्या.

तिकडं आग्नेयेला बघा. वृश्चिकाची नांगी दिसते? तिच्या मागोमाग धनू वर येतेय, ढग तिकडं नाहीत. ह्या सूऽऽ मध्ये तिचा वाटा आहे. हजारो वर्षांपूर्वी निघालंय ते, आणि आलंय मोडक्या ट्रान्झिस्टरच्या चार इंची कागदात. धाकटे, अजून जवळ ये, कान लाव.

आली वाटतं लाइट. झालं, बोलायला लागले सगळे. पंखा, शेजारची मोटार, हा वरचा एलईडी.

काय म्हणालीस? उजव्या कानात सांग. मेन स्विच? जिन्याखाली आहे. स्टूल घेऊन जा, आणि आजीला विचारून.